गाडीखालचे लाल थेंब

ही फजिती मीच सांगितलेली बरी. मिठबावची माणसं सांगतात तेव्हा त्यात मी गाडीखाली अडकतो आणि चौघे मिळून मला पाय धरून ओढतात. तसं काही झालं नव्हतं. मी माझा मी बाहेर आलो होतो.

नववीत शाळा सोडली आणि बाबलकाकांच्या गॅरेजात लागलो. मला माणसांशी बोलायला जमत नाही, इंजिनाशी जमतं. पुढे एक जुनी गाडी घेतली. ती तेलही गाळायची आणि कूलंटही. आता सांगा, मेकॅनिकचीच गाडी गळत असेल तर काय तोंड दाखवायचं? त्यात मिठबावला मुलगी बघायला जायचं ठरलेलं. मध्यस्थाने मुलीच्या वडिलांना माझ्याबद्दल सांगून ठेवलं होतं, "झिलान नुसतो हात लावल्यान तरी गाडी सुधारता." म्हणजे गाडी त्यांच्या दारात गळली की लग्न तिथेच मोडलं.

तेलाची गळती लगेच सापडली. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग चिरलं होतं, ते बदललं. रेडिएटरचा पाइप फुगला होता, तोही बदलून नवं लालभडक कूलंट भरलं. सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवला आणि सायकलने कामावर गेलो. संध्याकाळी बघतो तर तेलाचा डाग नाही, पण लाल थेंब भरपूर.

मग मी पाइपाचे पट्टे आवळले, रेडिएटरचं झाकण बदललं, पाण्याचा पंप काढून परत बसवला. थेंब चालूच. एक दिवस ढगाळ गेला, त्या दिवशी पुठ्ठा कोरडा. मी बाबलकाकांना समजावलं की गारव्याने पाइप आकसतो.

"टाकीतला कूलंट कमी होता काय?" त्यांनी विचारलं.

"नाय. रेघेक भिडलेला आसा."

"मग गळता खंयसून?"

"ती रेघच खोटी आसतली."

काका चहा प्यायला निघून गेले.

घरी आई मात्र रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने गाडीचा टप पुसून ठेवायची. तिचा गाडीवर एवढा जीव बघून मला भरून यायचं.

ठरलेल्या दिवशी मी सकाळी केस कापून आलो, नवा पांढरा शर्ट घातला आणि दुपारी आईला घेऊन मिठबावला पोचलो. सारवलेल्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गाडी लावली. मुलीचे वडील होडीवाले, पोहे पुढे करत प्रेमाने बोलत होते. सायली, म्हणजे मुलगी, समोरच बसलेली. तिच्याकडे बघायचं धाडस नव्हतं म्हणून मी गाडीकडे बघत होतो. आणि पुढच्या चाकामागे टपकन एक लाल थेंब पडला.

पुढचं मला नीट आठवत नाही. पोह्यांची बशी खुर्चीवर होती आणि मी गाडीखाली.

"काय झाला रे?" वडिलांचा आवाज.

"काय नाय, काय नाय. तुमी खावा."

पैंजणाचे पाय गाडीजवळ आले. मी डोकं बाहेर काढलं, तर सायली काचेखालच्या खाचेतून काहीतरी उपसत होती. तिच्या बोटावरून लाल रस ओघळला आणि बोट तोंडाकडे निघालं.

"चाटू नको, मरशीत!"

तिच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य.

तोवर तिने चाटलं होतं. "आमसुलान कोण मरता?" असं म्हणत तिने कोकमाचं साल माझ्या नाकापुढे धरलं.

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईने शांतपणे कप खाली ठेवला.

"आमसुलां खळ्यात सुकत घातली तर कोंबड्यो इस्कटतत. गाडीचो टप उंच, आणि तापता पण बरो. एवढा ऊन वाया कित्याक घालवचा? आज सकाळी तू केस कापूक गेलंस, तेवा पण घातलेली."

"माका सांगलंस नाय कित्याक?"

"तू सारखो गाडीच्या खाली. एकदा वर बघलं असतंस तर दिसली असती."

सायलीच्या वडिलांनी ते साल चघळलं आणि मान डोलावली. चार दिवसांत होकार आला. मध्यस्थाने निरोप जसाच्या तसा सांगितला, "झिलाचा काय ता मागाहून बघू, पण आवशीच्या हाताक चव आसा."

लग्न झालं. यंदा टपावर सासू-सुनेने मिळून आमसुलं घातली. गाडीखाली लाल थेंब पडले, पण मी आता शहाणा झालो होतो. वाकूनसुद्धा बघितलं नाही. परवा सायलीला माहेरी न्यायला निघालो आणि अर्ध्या वाटेत बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. उतरून बघतो तर टाकी कोरडी ठणठणीत, आणि रस्त्यावर लाल थेंबांची रांग. ती मात्र कूलंटची होती.

मी खाली वाकलो, बोट थेंबाला टेकवलं.

"चाटू नको," सायली मागून म्हणाली, "मरशीत."