तिसरं ओ, चौथं ए

मी ज्या वर्तमानपत्रात काम करते, त्याच्या विद्यार्थ्यांच्या पानावर रोज एक इंग्रजी शब्दकोडं असतं. ते मी करते. शब्द पाच अक्षरी. त्यातली दोन अक्षरं आणि त्यांच्या जागा ठरवून द्यायच्या. वाचकांनी बसतील तेवढे नेहमीच्या वापरातले शब्द शोधायचे. उत्तरांची यादी त्याच पानाच्या तळाशी उलटी छापलेली असते.

यादी पुरी आहे की नाही, हे बाबा तपासत. ते रेवसला एकटे राहत. जेट्टीवरच्या खिडकीत बसून त्यांनी सगळी नोकरी मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची तिकिटं देण्यात काढली. एका प्रवाशाची पुठ्ठा निखळलेली डिक्शनरी बाकावर राहिली, ती न्यायला कुणी आलं नाही. दोन लाँचच्या मधल्या वेळात बाबांनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. अर्थापेक्षा त्यांना शब्दांची ठेवण आवडायची.

दुपारी मी त्यांच्या साध्या बटणांच्या फोनवर अक्षरं आणि माझी यादी पाठवायची. यादी न बघता ते आधी वहीत आपले शब्द लिहीत, मग ताडून पाहत. माझा एखादा शब्द राहिला असेल तर सहाच्या आत फोन यायचा.

"बाय, एवढी शिकलीस न् हा न्हाय गावला? तिकिटं फाडनाऱ्याला गावला."

"बाबा, शब्द सांगा. पान जायचंय."

"जाऊ दे की पान. माझी लाँच कदी तुझ्यासाठी थांबली व्हती?"

यादी पुरी असेल तर फोन नाही. हा नियम त्यांचाच, जेट्टीवरून आलेला. पलीकडे वारा बिघडला, लाँच सुटणार नसली, तरच धक्क्यावरून रेवसच्या खिडकीत फोन यायचा. फोन वाजला नाही की बाबा तिकिटं द्यायला सुरुवात करत. आमच्या डेस्कवरही काम असंच चालतं. चूक असेल तोच फोन करतो. त्यामुळे मला त्या नियमात कधी काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवशीची अक्षरं होती तिसरं ओ (O) आणि चौथं ए (A). मला सात शब्द मिळाले होते: फ्लोट (float), ब्लोट, ग्लोट, क्लोक, क्रोक, ग्रोन, शोल. सहा वाजले. फोन आला नाही. साडेसहाला मी पान छपाईला सोडलं. त्या आठवड्यातली ती माझी पहिली पुरी यादी होती. मला बरं वाटलं, हे नोंदवायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माणगावच्या एका शिक्षिकेचा ऑफिसात फोन आला. "तुमच्या यादीत ब्रॉड नाही, बी-आर-ओ-ए-डी," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांना तो मिळाला."

मी त्यांचे आभार मानले. फोन खाली ठेवला आणि हात तिथेच राहिला. ब्रॉड बाबांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

त्यांचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. मग त्यांच्या शेजारच्या काकूंना लावला. त्या फोन कानाला धरूनच मागच्या दाराने बाबांच्या घरात गेल्या. आधी त्यांची चप्पल ऐकू आली, मग भांडं पडल्याचा आवाज.

"अगो बाय, बापूस खाली पडलाय तुझा. श्वास चालू हाय. बोलत न्हाय." नंतर रडत म्हणाल्या, "काल सांजच्याला दिवा न्हाय लागला. मना वाटलं, अलिबागला गेला असंल."

काकूंच्या मुलाने बाबांना रिक्षातून अलिबागला इस्पितळात नेलं. मी भाऊच्या धक्क्यावर पोचले. समुद्र शांत होता. लाँच वेळेवर सुटली.

डॉक्टरांनी विचारलं, "केव्हा पडले?" नक्की वेळ मला सांगता येईना. काल दुपारी मेसेज पाठवला तेव्हापासून सहा वाजेपर्यंत कधीतरी, एवढंच मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं. "पहिल्या काही तासांत आणलं असतं तर," असं म्हणून ते पुढच्या पलंगाकडे वळले.

संध्याकाळी वॉर्डाबाहेरून मी डेस्कला फोन केला.

"अगं, आज राहू दे ना. मी बघतो," सहकारी म्हणाला.

"लिहून घे. कालच्या शब्दकोड्याच्या उत्तरांत ब्रॉड हा शब्द अनवधानाने राहून गेला. एका वाचकाने तो निदर्शनास आणून दिला. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

"बाबा कसे आहेत?"

"एका स्तंभात बसेल. चौकट करू नकोस."

बाबा चौथ्या दिवशी गेले. त्या चार दिवसांत ते बोलले नाहीत. डोळे उघडे असायचे. मी पलंगाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले की नजर माझ्या मागे यायची. एकदा मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "ब्रॉड राहिला, बाबा." त्यांनी माझं बोट धरलं. ते ऐकून धरलं की सहज, ते मला माहीत नाही.

तेराव्यानंतर घर आवरताना वही सापडली. ती खुर्चीजवळच्या स्टुलावर होती, पेन मध्ये ठेवून मिटलेली. पेन होतं तिथे ती उघडली. वर ओ आणि ए, खाली आठ शब्द. ब्रॉड दुसऱ्याच ओळीत होता आणि त्याच्याखाली दोन रेघा होत्या. मला फोन करायचा असेल तेव्हाच ते शब्दाखाली रेघा मारत.

त्या घरात फोनला रेंज मिळते ती फक्त मागच्या खिडकीत. फोन तिथेच, कापडी पिशवीत, खिळ्याला टांगलेला असायचा. काकूंना बाबा सापडले तेव्हा ते खुर्ची आणि खिडकी यांच्या मध्ये पडले होते, तोंड खिडकीकडे. मी ते अंतर मोजलं. सात पावलं भरलं.

छापलेल्या दुरुस्तीचं कात्रण मी वहीच्या त्याच पानात ठेवलं. त्यात 'एका वाचकाने' असं आहे. 'दोन वाचकांनी' हवं होतं.