दामूशेठच्या गाडीत डिटेक्टर गप्प का बसला

दामूशेठची सात सीटर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा माझ्या दारात उभी होती. एसी चालू, पंखा फुल, आणि आत येणारी हवा बाहेरच्या उन्हाइतकी गरम.

"जाधव, दोनदा केलास तू काम," दामूशेठ म्हणाले. "आज चार वाजता पोरीला दवाखान्यातून घरी आनायची हाय. आठ दिवसांचा नातू हाय माजा. या भट्टीत बसवू त्याला?"

मी मूळचा साताऱ्याकडचा. तळवलीत बावीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. दामूशेठ घणसोली गावातले, माझ्या गाळ्याचे मालकही तेच. सकाळचे नऊ वाजले होते. मी म्हटलं, चारच्या आत देतो.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा कंडेन्सर फुटला होता. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची जाळी, तिच्यात गॅस थंड होतो. मी नवा बसवला, गॅस भरला, कूलिंग एकदम झकास. पाच दिवसांत गेलं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, एवढं साधं गणित.

दुसऱ्या वेळी मी डिटेक्टर काढला. हातात मावणारं यंत्र, पुढे लांब नळी. एसीचा गॅस जरा जरी लागला तरी टीटी करून डोकं उठवतं. बॉनेटखाली प्रत्येक जोडावर फिरवलं. हूं नाही की चूं नाही. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही. मी पुन्हा गॅस भरला आणि गाडी देऊन टाकली. लीक न शोधता गॅस भरणं ही कामचुकारी असते, आणि ती मी केली.

निघताना दामूशेठ म्हणाले होते, "आत जरासा वास येतो रं."

मी हात पुसत म्हटलं, "बंद काचांचा असेल. जाईल दोन दिवसांत."

आता तिसरी वेळ. बाहेर लीक नाही, तर उरला कूलिंग कॉइल. तो डॅशबोर्डच्या आत असतो, त्याच्यावरूनच थंड हवा आपल्या तोंडावर येते. तिथलं लीक पकडायची आमची रीत अशी : थोडा गॅस भरायचा, काचा बंद करायच्या, दहा मिनिटं थांबायचं. मग दार उघडून डिटेक्टर डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीशी धरायचा. मी तसंच केलं. डिटेक्टर गप्प.

मला वाटलं, यंत्रच मेलं. टेबलाशी जाऊन बॅटरी बदलली. कोपऱ्यात जुना सिलिंडर होता, तळाशी थोडा गॅस उरलेला. त्याचा वॉल्व्ह किंचित सैल केला. डिटेक्टर बोंबलायला लागला. मग सहज म्हणून नव्या सिलिंडरपाशी नेला, ज्यातून मी दामूशेठच्या गाडीत तीनदा गॅस भरला होता. शांत. वॉल्व्ह आणखी उघडला. तरी शांत.

डिटेक्टर बरोबर होता. सिलिंडरमध्ये एसीचा गॅसच नव्हता. मी वॉल्व्हपुढे तळहात धरला, थोडा गॅस सोडला आणि हात नाकाशी नेला. दिवसभर पेट्रोल-ऑइलच्या वासात राहून नाक बधिर झालेलं, तरी हा वास कळला. घरी शेगडीचं बटण चुकून चालू राहिलं की येतो, तोच. स्वयंपाकाचा गॅस. हवा गार तोही करतो, स्वस्तही पडतो, पण डिटेक्टर त्याला ओळखत नाही.

मी गाडीकडे वळून पाहिलं. दामूशेठ मधल्या वेळात ड्रायव्हर सीटवर येऊन बसले होते. समोर एकवीरा आईचा फोटो. एका हातात दोन अगरबत्त्या, दुसऱ्या हातात काड्यापेटी.

"शेठ, काडी ओढू नका."

मी ओरडलो. त्यांनी हात तसाच ठेवला. मी धावत जाऊन पेटी काढून घेतली आणि त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. मालकाच्या दंडाला मी आजवर कधी हात लावलेला नाही.

गाडी स्टार्ट करायची हिंमत झाली नाही. आम्ही दोघांनी ढकलत मागच्या मैदानात नेली, सगळी दारं उघडली. मग मी त्यांना काय घडलं ते सांगितलं, सिलिंडर माझाच होता हेही. एसीचा खरा गॅस असा काडीने पेटत नाही. हा पेटतो. आणि तो त्यांच्या तोंडासमोर गळत होता.

दामूशेठनी हातातल्या दोन अगरबत्त्या माझ्यापुढे धरल्या. मग हळूच म्हणाले, "मी रोज एकच लावतो. वास येत होता म्हनून दोन लावायला लागलो. तू बोल्ला जाईल दोन दिवसांत."

मी पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन आलो.

डॅशबोर्ड खोलला. कूलिंग कॉइलवर साबणाचं पाणी टाकताच बुडबुडे आले. उरलासुरला गॅस मैदानात सोडला, नळ्या साफ केल्या. सानपाड्याच्या दोस्ताकडून नवा कॉइल आणि त्याचा सिलिंडर आणवला. सिलिंडर डिटेक्टरने तपासला, मगच जोडला. तीन वाजून चाळीस मिनिटांनी जाळीतून गार हवा आली.

मधल्या वेळात ज्याने मला तो सिलिंडर विकला त्याला फोन केला. नेहमीचा दुकानदार गावी गेला म्हणून याच्याकडून घेतला होता. सीलबंद होता, स्टिकर बरोबर होतं.

"कूलिंग आलं ना?" तो म्हणाला. "मग टेन्शन कशाला घेता? सगळे हेच भरतात."

मी फोन कापला. सिलिंडर आणि बिल घेऊन मी दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत गेलो. त्या सिलिंडरमधून आणखी चार गाड्या भरल्या होत्या. हे कळलं त्याच दिवशी संध्याकाळी चौघा मालकांना फोन केले, एसी लावू नका, काचा उघड्या ठेवा, गाडी आणा. तीन लगेच आल्या. चौथी कोकणात गेली होती. ती परत येईपर्यंत दोन दिवस मी तिच्या मालकाला सारखा फोन करत राहिलो.

दामूशेठ मात्र त्या दिवशी वेळेत निघाले. जाताना अगरबत्तीचा पुडा माझ्या हातात ठेवला. "आज नातू बसनार. ही ठेव तुज्याकडं."

तो पुडा अजून माझ्या टेबलावर आहे, डिटेक्टरच्या शेजारी. नवा सिलिंडर आला की डिटेक्टर आधी त्याच्या तोंडाशी जातो, मग गाडीत. आणि गिऱ्हाईक म्हणालं की वास येतो, तर मी हात पुसत बसत नाही. आधी आत शिरून वास घेतो.