चौथी टोपली

हा रागावत का नाही? चौकशीची नोटीस येऊन चार दिवस झाले, तेव्हापासून आईच्या डोक्यातून हे काही केल्या जात नव्हतं. लेक मात्र चारला ड्यूटी संपली की उद्यानात जाऊन एकटाच डिस्क फेकत बसायचा. घरी येऊन जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

तो उद्यान खात्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. बाकं, झोपाळे, फाटकं जोडण्यात बारा वर्षं गेली. या खेळाचं वेड उशिरा लागलं. चपटी डिस्क लांबून फेकायची; खांबावरच्या साखळ्यांवर आपटून ती खालच्या टोपलीत पडली पाहिजे. जितक्या कमी फेकींत पडेल तितकं चांगलं. मोडक्या झोपाळ्यांचे पाइप आणि भंगारातल्या साखळ्या घेऊन, सुट्ट्या घालवून त्याने नऊ टोपल्या उभ्या केल्या. प्रत्येक साखळी कानाजवळ वाजवून बघायचा.

"दागिना घडवतोयस का रे?" आई चिडवायची.

उद्घाटनाला फलक लागला, त्यावर नाव मामाचं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, उद्यान समितीचा अध्यक्ष. लेक एवढंच म्हणाला, "अक्षरं चांगली मोठी आहेत. गंजायला वेळ लागेल."

आखणीच्या दिवशी टेप धरायला आई होती. चौथी टोपली लेकाने झुडपांमागे घेतली होती. मामाने ती तळ्याकाठी, पायवाटेला लागून आणवली.

"मामा, इथे लोक चालतात. फेक चुकली तर कुणाचं तरी डोकं फुटेल."

"अरे, फोटोत तळं यायला नको? तू लोखंड जोड, डोकं मी चालवतो."

लेकाने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "ऐक ना मामाचं."

गेल्या आठवड्यात तिथेच एका निवृत्त शिक्षिकेच्या भुवईवर कुणा खेळणाऱ्याची डिस्क बसली. सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी फलक गायब, आणि नोटिशीत लिहिलेलं: टोपली वेल्डरने परस्पर हलवली. नोकरीवरच गदा.

आईने भावाला विचारलं, तर म्हणाला, "ताई, कुणाचं तरी नाव लागणारच. त्याचं वय आहे, दुसरीकडे चिकटेल. मी या वयात कुठे तोंड दाखवू? आणि आखणीच्या दिवशी तू तिथे नव्हतीस, एवढं ध्यानात ठेव."

आज ती उद्यानात गेली. लेक चौथ्या टोपलीसमोर डिस्क हातात धरून उभा होता. पायवाटेवरून एक जोडपं रमतगमत चाललं होतं. ते पार वळणाआड जाईपर्यंत तो थांबला, मग फेकली. साखळ्या वाजल्या.

"उद्या चौकशीत सांगून टाक ना, मामाने हलवली म्हणून."

"विचारतील, पाहिलं कुणी?" तो डिस्क काढायला वाकला. "पाहिलंय एकीने. पण ती मामाचं ऐकते."

आवाज चढलेला नव्हता. म्हणजे राग होता. मामावर नव्हता, एवढंच.

आई घरी आली तेव्हा पावणेसहा झाले होते. चौकशीचं ऑफिस सहाला बंद व्हायचं. तिने डब्याखाली दाबलेली नोटीस काढून उलगडली, चष्मा लावला. भावाचा नंबर तिला पाठ होता. नोटिशीच्या तळाचा नंबर मात्र एकेक आकडा बघून लावावा लागणार होता. ती फोन घेऊन खिडकीशी उजेडात बसली आणि पहिला आकडा दाबला.