मंगळवारची गोष्ट गुरुवारी

कल्पना करा, तुम्हाला एका माणसाची गोष्ट दोन पानांत लिहायची आहे. नाव बदलायचं, गल्ली बदलायची, कामधंदा बदलायचा. भीती मात्र तशीच ठेवायची, नाहीतर गोष्टीचा उपयोग उरत नाही. मग ती आठ जणांना वाचून दाखवायची आणि विचारायचं, "या माणसाला तुम्ही काय सांगाल?" आता समजा, तो माणूस त्या आठ जणांतच बसलाय.

परळला एका ट्रस्टच्या केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर, मधुरा हे काम करते. ती सत्तावीस वर्षांची समुपदेशक आहे. तिच्या गटात येणाऱ्यांना सायकोसिस आहे. म्हणजे कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणाला पक्की खात्री असते की आपल्यावर पाळत आहे. अशी माणसं स्वतःबद्दल बोलायला घाबरतात, पण कागदावरच्या परक्या माणसाबद्दल भरभरून बोलतात. म्हणून या गोष्टी. मंगळवारच्या गटातल्या माणसाची गोष्ट, त्याची सही घेऊन, गुरुवारच्या गटात वाचायची आणि गुरुवारची मंगळवारी. दोन्ही गट एकमेकांना कधी भेटत नाहीत.

सुनंदा मंगळवारची. वय शेहेचाळीस. लालबागला मसाला कांडपाच्या दुकानात ती सोळा वर्षं मिरच्यांची देठं काढतेय. चार वर्षांपूर्वी कांडपाच्या आवाजातून तिला शब्द ऐकू येऊ लागले. लोखंडी मुसळं एकामागून एक पडायची आणि त्या ठेक्यात एक पुरुष म्हणायचा, "बघतायत. बघतायत." गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटलं म्हणून तिनं त्या मध्येच सोडल्या, आणि एका दुपारी ती घरी आलीच नाही. दोन दिवसांनी माझगावला गोदीच्या भिंतीपाशी सापडली. तिची मुलगी श्रेया धावत पुढे गेली तर सुनंदानं तिला विचारलं, "तुला कुणी पाठवलं?"

श्रेया तेव्हा पंधरा वर्षांची होती. तो प्रश्न सुनंदा विसरलेली नाही. तिला आवाजाची भीती वाटते, पण लेक समोर उभी असताना आपण तिला ओळखणार नाही, याची त्याहून जास्त वाटते. त्यानंतर तिनं एकही गोळी चुकवली नव्हती. आवाज आलाच तर ती जिभेखाली लवंग धरायची. चटका बसला की कळायचं, हे तोंड आपलं, हे दुकान आपलं.

एप्रिलमध्ये वर्षभराचा मसाला करून घ्यायला गिऱ्हाइकांची झुंबड उडते. दुकानाची सुट्टी मंगळवारची गुरुवारी झाली, तशी सुनंदा गुरुवारच्या गटात आली. हजेरीच्या वहीत तिचं नाव इकडचं तिकडे गेलं. कपाटात गुरुवारी वाचायच्या गठ्ठ्यात असलेली तिच्या गोष्टीची फाईल मात्र होती तिथेच राहिली.

तिसऱ्या गुरुवारी मधुरानं वरची फाईल उचलली आणि वाचायला लागली. "मीनाताई पिठाच्या गिरणीत काम करतात. गिरणी सुरू झाली की त्यांना एक आवाज येतो. तो म्हणतो, बघतायत."

सुनंदानं पर्स मांडीवर ओढून घेतली. मधुराचा आवाज अडखळला. तिनं वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. आत्ता थांबले तर सगळ्यांनाच कळेल, असं तिला वाटलं, आणि ती पुढे वाचत राहिली. "मग मीनाताई जिभेखाली लवंग धरतात."

"अरे तिच्या! लवंग?" धोंडूकाका हसले. काका गोदीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. मागच्याच गुरुवारी त्यांची दाढ ठणकत होती तेव्हा सुनंदानं पर्समधून लवंग काढून दिली होती. "ही तर आपली सुनंदा!"

सात चेहरे एकदम तिच्याकडे वळले. मधुराचाही. कानात तो पुरुष म्हणाला, "बघतायत."

लवंगेचं ती फक्त एकदा, बंद खोलीत मधुराशी बोलली होती. ती लवंगही आता कागदावर होती. मग अजून काय काय बाहेर आलं असेल? सुनंदा उठली, दाराबाहेरच्या चपला हातात घेतल्या आणि जिना उतरली. भारतमाता सिनेमापाशी पोचेपर्यंत तळवे भाजून निघाले, तरी चपला पायात घालायचं सुचलं नाही. बसस्टॉपवरची बाई बघत होती. उसाचा रसवाला बघत होता. अनवाणी बाईकडे लोक बघणारच, पण हे तिला तेव्हा कुणी सांगायचं?

"आई, गोळी घेतलीस?" श्रेयानं त्या संध्याकाळी विचारलं.

"घेतली."

घेतली नव्हती. ज्यांनी डोक्यातलं काढून कागदावर मांडलं, गोळीही त्यांचीच. शुक्रवारी घेतली नाही, शनिवारीही नाही. शनिवारी श्रेया डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा सुनंदा तिच्या चेहऱ्याकडे नको इतका वेळ बघत राहिली. मुलगी आपलीच होती. पण खात्री करून घ्यावी लागली. मधुराचे फोन वाजत होते, ती उचलत नव्हती.

रविवारी दुकानात धोंडूकाका उभे. हातात किलोभर बेडगी मिरचीची पिशवी.

"माझाच चुकला गो, सुनंदा. तोंडाक कुलूप नाय माझ्या."

"तुम्हाला कुणी पाठवलं?" बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच प्रश्न ओळखू आला. 

"कोण पाठवतलो? मिरच्यो कांडूक इलंय." काकांनी पिशवी ठेवली, मग जरा जवळ येऊन म्हणाले, "तुमच्या मंगळवारात एक गोष्ट वाचली होती ना? खलाशी, रेडिओतून त्याला शिव्या ऐकू येतात, म्हणून रेडिओ फोडतो?"

"हो. मीच म्हटलं होतं, आधी शेजाऱ्याला ऐकवून बघ म्हणावं. त्यालाही तेच ऐकू येतं का, विचार."

"तो खलाशी मी गो."

सुनंदानं हातातली मिरची खाली ठेवली.

"मॅडमनी तुझा सल्ला मला सांगितला. नाव नाही सांगितलं, मंगळवारची एक ताई म्हणाल्या. आज तू बोललीस म्हणून कळलं. दुसरा रेडिओ अजून शाबूत आहे माझा. आता माझ्या डोक्यात शिरून कुणी काढलं काय ते? मीच सांगितलं, सही केली, त्यांनी लिहिलं. तुझंही तसंच. तू वार बदललास, फाईल बदलली नाही."

सुनंदाला जानेवारीतली सही आठवली. मधुराचं निळं पेनही आठवलं. त्या दिवशी घरी जाऊन तिनं श्रेयासमोर गोळी घेतली.

पुढच्या गुरुवारी ती गटात आली, पण दाराजवळच्या खुर्चीत बसली. मधुरानं फाईल उघडलीच नाही. "सुनंदाताई, चूक माझी होती. समोर तुम्ही आहात हे कळल्यावरही मी वाचत राहिले. ती दुसरी चूक."

सुनंदानं मान हलवली. मग खलाशाला दिलेला सल्ला तिनं स्वतःच वापरून पाहिला. "धोंडूकाका, खरं सांगा. त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते?"

"होय गो. सगळेच."

 

"म्हणजे तेव्हा तो आवाज खरं बोलत होता," सुनंदा सावकाश म्हणाली आणि मधुराकडे वळली. "मग मॅडम, पुढच्या वेळी विचारायला शेजारी कुणीच नसेल, तेव्हा तो खरं बोलतोय की खोटं, हे मी कसं ओळखायचं?"