मक्याचा कारखाना

माझ्या सासऱ्यांनी एका नजरेत पास करावी अशी वस्तू जगात अजून तयार व्हायची आहे. चाकणच्या एका गिअरच्या कंपनीत त्यांनी तीस वर्षं क्वालिटी सांभाळली आणि मग ते रिटायर झाले, असं कंपनीचं म्हणणं आहे. त्यांचं तसं काही म्हणणं नाही. शर्टाच्या खिशात अजून लाल टॅगचा गठ्ठा असतो. कंपनीत माल संशयास्पद वाटला की त्याला हा टॅग बांधतात. वर पार्टचं नाव, खाली दोष, त्याखाली सही. आणि ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा. मालक आला तरी त्याने हात लावायचा नाही. मामांनी (सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो) हा टॅग आमच्या ताथवड्याच्या सोसायटीतल्या लिफ्टला बांधलाय, पुतणीच्या लग्नात जिलबीच्या परातीला बांधलाय, आणि एकदा सांगवीच्या पाहुण्यांकडे सोफ्याच्या पायाला बांधून वर चहा घेतलाय. माझीही तपासणी झाली होती. माझे वडील प्रेसशॉपला हेल्पर, आई चौथी शिकलेली, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. त्यामुळे मुलगी बघायला जाताना डिग्रीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून सोबत नेलं होतं. मामांनी ते उजेडाला धरलं, डोळ्याच्या रेषेत आडवं केलं आणि म्हणाले, "शिक्का दोन मिलिमीटर तिरका बसलाय. बाकी ओके." त्या 'बाकी ओके'वर माझा संसार उभा आहे.

एका बाबतीत मात्र त्यांच्या तपासणीला कुणी हसत नाही. त्यांचा धाकटा भाऊ दारूने गेला. तेव्हापासून खोकल्याचं औषधसुद्धा ते आधी भिंगाखाली धरतात. अल्कोहोल दिसलं की बाटली मोरीत. आणि अशा माणसाचा एकुलता एक मुलगा, माझा मेहुणा, केमिकल इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला तो थेट केंटकीतल्या व्हिस्कीच्या भट्टीत कामाला लागला. तिथली बर्बन नावाची व्हिस्की मुख्यतः मक्याची असते. म्हणून त्याने घरी सांगितलं, "मक्याचा कारखाना आहे." शब्द तपासले तर खोटं एकही नव्हतं. चार वर्षं मामा गावभर तेच सांगत होते. पोरगा मक्याचे पोहे बनवतो अशी गावाची समजूत होती.

मग मे महिन्याच्या सुट्टीत मी, बायको आणि मामा तिकडे गेलो. मामांनी विमानातच जाहीर केलं, "पोराची कंपनी बघितल्याबिगर मी म्हागारी येनार न्हाई." तिकडे मेहुण्याचा साहेबही हट्टाला पेटलेला, त्याला या वडलांना भेटायचंच होतं. मेहुण्याने मला स्वयंपाकघरात गाठलं. "दाजी, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा आण्णांना." मामांना तो आण्णा म्हणतो.

"अरे, तू माझ्यापेक्षा जास्त शिकलास!"

"म्हणून तर बोलता येईना राव. कळलं तर ते परत माझ्या घरात पाणी पिणार नाहीत."

गाडीत सांगायचं ठरलं. तासभर मी हवामानावर बोललो. मेहुण्याने गाडी व्हिस्कीच्या पाटीच्या बाजूने न नेता कामगारांच्या गेटने आत घातली. मामांचं इंग्रजी ओके, नॉट ओके आणि रिजेक्ट एवढंच, तरी धोका कशाला घ्या! समोर टोप्या घातलेल्या पर्यटकांची रांग होती. मामा थक्क. "सुट्टी काढून कंपनी बगाय येत्यात? आपल्या चाकनला आना म्हनावं, बस भरून."

साहेब म्हणजे सत्तरीचा उंच म्हातारा. व्हिस्की बनवण्यात हयात घालवलेला, हात मामांसारखेच राठ. दोघांनी एकमेकांचे तळवे बघितले आणि बरं वाटल्यासारखे हसले. मक्याची कोठारं पाहिली. मामांनी दाणा दाताखाली फोडला. "वल न्हाई. ओके." आमचा बेत इथेच संपत होता. पण म्हातारा खुशीत आला आणि हात धरून मामांना घेऊन गेला ते थेट व्हिस्की मुरवायच्या पिंपांच्या गोदामात. मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला. अंधारं लाकडी गोदाम, छतापर्यंत पिंपं, आणि वास. मामांचं नाक हललं. बायकोने माझा दंड धरला तो सोडेचना.

एका पिंपाच्या फळीतून थेंब येत होता. मामा थांबले. "गळतंय."

म्हातारा काहीतरी समजुतीचं बोलला. "आपोआप बंद होतं म्हणतात, आण्णा," मेहुणा घाईने म्हणाला, "थोडं तर हवेतच उडतं. चला." पण म्हाताऱ्याने अजून एक वाक्य टाकलं होतं आणि ते मला नीट कळलं होतं. चार लोकांत इंग्रजी कळलं की मला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "मामा, ते म्हणतात, उडतं तेवढं देवदूत पितात."

"पितात?" मामा म्हणाले. "काय पितात?"

मामांनी खिशातून लाल टॅग काढला, पेन काढलं, टॅग पिंपावर टेकवला आणि मुलाकडे न बघता विचारलं, "पार्टचं नाव काय लिहू?"

मेहुण्याचे ओठ दोनदा हलले. "दारू, आण्णा."

मामांनी लिहिलं: दारू. खाली दोष: गळती. सही केली, टॅग पिंपाच्या लोखंडी पट्टीला सुतळीने बांधला. म्हाताऱ्याने काढायला हात पुढे केला तर मामा म्हणाले, "नॉट ओके." म्हाताऱ्याला काय समजलं कोण जाणे, त्याने हात मागे घेतला.

"चार वर्सं," मामा म्हणाले आणि बाहेर चालू लागले.

मेहुणा मागे धावला. अंगणात ऊन होतं, पर्यटक फोटो काढत होते. "मी पीत नाही, आण्णा. चव घ्यावी लागते, पण थुंकतो. आईशप्पथ."

मामा वळले. "हा कर."

धाकट्या भावाला ते रोज संध्याकाळी दारात असंच उभं करायचे, हे बायकोने मला तिथेच कानात सांगितलं. चौतीस वर्षांच्या इंजिनिअरने पर्यटकांच्या गर्दीत तोंड उघडलं आणि श्वास सोडला. मामांनी नाक जवळ नेलं. बराच वेळ तसंच ठेवलं. मुलाची हनुवटी त्यांच्या हातात होती. आता थोबाडीत बसते, असं मला वाटलं.

"उपाशी हायस," मामा म्हणाले. "सकाळधरनं काय खाल्लं न्हाईस."

"भीती वाटत होती."

"व्हय. चल, आदी जेव."

त्या कामाला त्यांनी पास म्हटलं नाही, आजही म्हणत नाहीत. गावात कुणी विचारलं तर विषय बदलतात. पण दर रविवारी फोनवर मुलाचा चेहरा दिसला की पडद्याजवळ नाक नेऊन म्हणतात, "हा कर." तोही मुकाट्याने करतो. फोनमधून वास येत नाही, हे त्यांना सांगणं खरं तर घरातल्या शिकलेल्या माणसाचं काम आहे. मी त्या वेळी उठून गॅलरीत जातो.