फुईचं कोपर

नंदुरबार जिल्ह्यात कोपराचा अभ्यास आमच्या फुईइतका कुणी केलेला नाही, आणि यात मी शहाद्यापासून नवापूरपर्यंतचे सगळे डॉक्टर धरते आहे. फुई म्हणजे माझी आत्या. वय सत्तरीला टेकलेलं, आवाज शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा, आणि गावात लग्न असो की अक्षय्य तृतीयेची आखाजी, मांडे फुईच करणार. पुरण भरलेला उंडा ती हातांवर फिरवत फिरवत असा वाढवायची की तो कोपरापर्यंत लोंबायचा, आणि मग अलगद उपड्या खापरावर जायचा. कणीक मात्र ती कुणाला मळू द्यायची नाही. मळणं कसलं, उचलून परातीत आपटायची. शेजारणीच्या फळीवरची भांडी वाजायची. मी बँकेत अधिकारी झाले, सासू झाले, तरी परातीला हात लावला की ओरडायची, "दूर व्हय! तुन्हं बोट लागनं का मांडा फाटस."

गेल्या वर्षी आखाजीच्या तोंडावर तिच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी कळ. फुईने आधी चक्कीवाल्याला दोष दिला, मग गव्हाला, मग एका जावेच्या नजरेला. हळदीचा लेप लावला आणि काम थांबायला नको म्हणून डाव्या हाताने कणीक आपटायला घेतली. पंधरा दिवसांत डावं कोपरही दुखू लागलं. अशी दोन्ही कोपरं धरून ती माझ्यासोबत नंदुरबारला आली. तरुण डॉक्टरने तिचं मनगट दाबून पाहिलं, तशी ती उखडली. "कोपर मन्हं दुखी ऱ्हायनं, अन् हाऊ मनगट धरी बसना!"

"आजी, मनगट वर उचलणारे स्नायू त्या कोपराच्या हाडालाच धरलेले असतात," डॉक्टर शांतपणे म्हणाला. "मनगटाला फार राबवलं की दुखतं तिथे. तुम्ही नेमकं काय करता?" तोंडी सांगून त्याला काय कळणार, म्हणून पुढच्या खेपेला फुई डब्यात कणकेचा गोळा घेऊनच गेली आणि त्याच्या टेबलावर दोनदा आपटून दाखवला. बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. डॉक्टरने सांगितलं, काही आठवडे हे बंद. मग हळूहळू व्यायाम. नंतर कणीक थोडी थोडी घ्या, हात ताठ ठेवू नका, मधे विसावा घ्या.

परतताना एसटीत फुई खिडकीबाहेर बघत बसली. विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मांडा गयात तं मन्हं काय ऱ्हायनं?" तिला एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला रडू आलं.

पण फुई ती फुईच. पाण्याचा लोटा मुठीत धरून सावकाश वरखाली करायचा व्यायाम तिने देवपूजेच्या निष्ठेने केला, आणि कळ ओसरू लागली तशी ती गावाची कोपरतज्ज्ञ झाली. सुनांच्या हातातल्या बादल्या खाली ठेववल्या. शिंप्याला कात्री चालवताना अडवून बजावलं, "हात पोटनाजोडे धर. कळ उनी का थांबानं. सहन करीसन दखाडाले ती काय शर्यत शे?" एकदा बँकेत येऊन, रांगेसमोर, माझी खुर्ची उंच करायला लावली. की-बोर्डवर मनगट वाकतं म्हणे. गंमत म्हणजे माझा हात तेव्हापासून खरंच भरून येत नाही.

यंदा आखाजीला माझी मुलगी माहेरी आली. फुईने परात पुढ्यात ओढली. अर्धीच कणीक घेतली, पाच-सहा वेळा आपटली आणि थांबली. हात मांडीवर ठेवून थोडा वेळ बसली. पुन्हा उचलायला गेली आणि पुन्हा थांबली. कणीक अजून झाली नव्हती, हे मलाही दिसत होतं. मग तिने परात माझ्याकडे सरकवली.

इतक्या वर्षांनी संधी मिळाली म्हणून मी तिच्यासारखीच दणकून आपटली. तिने माझा दंड धरला. "आपटू नको. तुन्हं कोपर अजून नवं शे."

माझा पहिला मांडा खापरावर टाकतानाच फाटला. मी तो बाजूला ठेवणार होते. फुईने तो उचलून स्वतःच्या ताटात वाढून घेतला.