पाटावरची पिन

दसरा जवळ आला की ते प्रकरण माझ्यासमोर येऊन बसतं. तेव्हा मी दादर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळी ठाण्यात शस्त्रपूजन झालं. पिस्तुलं, काठ्या, बेड्या सगळं पाटावर मांडलेलं. पहाऱ्यावरच्या शिपायाची रायफल मात्र आम्ही पाटावर ठेवत नाही. तिला त्याच्या हातातच हळदकुंकू लागतं, कारण पहाऱ्याला दसऱ्याची सुट्टी नसते.

दुपारी पुलाच्या चढावर एका टेम्पोमागे जोडलेली जनरेटरची ट्रॉली सुटली आणि मागे फुलबाजाराकडे घरंगळत आली. माटुंग्याचे एक निवृत्त कारकून झेंडूचं तोरण आणि आपट्याची पानं घेऊन घरी निघाले होते. त्यांना बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही. मांडीचं हाड मोडलं. ट्रॉली कठड्याला अडली म्हणून ते वाचले.

गुन्हा नोंदवला, पंचनामा झाला आणि टेम्पोचा ड्रायव्हर समोर उभा राहिला. लालबागचा, नुकतीच नोकरी लागलेला. म्हणाला, "साहेब, ट्रॉली गाडीला अडकवायची पिन मी मागितली होती. शेट बोलले, आज सळईवर ने, कुठे लांब जायचंय? आता मलाच लटकवतायत."

थोड्या वेळाने एक फुलवाल्या मावशी ठाण्यात आल्या. पिशवीतून त्यांनी वाकलेली सळई काढली. "ही बघा, माझ्या पाटीखाली आली. ती ट्रॉली सुटली ना, तेव्हाच टणकन पडली."

म्हणजे ड्रायव्हर निदान सळईबद्दल खरं बोलत होता. पण ती घातली कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून?

दिवस मावळल्यावर टेम्पोचा मालक न बोलावता आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिन आणि सुरक्षा साखळी त्याने टेबलावर ठेवली. "त्याच्याच सीटखाली होती साहेब. लावायचा कंटाळा, दुसरं काय!"

न मागता पुरावा घेऊन येणाऱ्या माणसाला मी आधी चहा पाजतो. तो चहा पीत असताना मी पिन हातात घेतली. रोजच्या वापरातली पिन ग्रीसने काळी असते. ही रॉकेलने धुतलेली, लख्ख. क्लिपच्या भोकात ओलं कुंकू आणि साखळीच्या कडीत झेंडूची पाकळी अडकलेली.

"सीटखाली दसरा साजरा केलात का?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "आईला यात घेऊ नका साहेब."

मी त्याला घेऊन त्याच्या शेडवर गेलो, शिवडीला, गोदामांच्या रांगेत. आई तिथेच पूजेपाशी बसली होती. कुणाला लागलंय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं तसं तिने सरळ सांगितलं. "पूजेला लावलेलं हत्यार दिवस मावळेपर्यंत हलवायचं नाही, ही सासऱ्यांपासूनची रीत. मीच म्हटलं त्याला. आज काम नव्हतंच मुळी. देवीच्या मिरवणुकीतला कुणाचा तरी जनरेटर बंद पडला, म्हणून हा धावला."

मुलाने आईचा शब्दही मोडला नाही आणि गिऱ्हाईकालाही नाही म्हटलं नाही. दोघांची मनं राखायला हाताशी आलेली सळई खुपसली. साखळीही पाटावर, म्हणजे सळई निसटल्यावर ट्रॉली धरून ठेवायला काहीच उरलं नाही.

मी झालेलं सांगितलं तेव्हा म्हातारीने पूजेचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "माझं नाव लिहा. त्या ड्रायव्हरला सोडा."

"आजी, पूजा करणं गुन्हा नाही," मी म्हटलं. "पिन पूजेत असताना ट्रॉली रस्त्यावर काढणं हा गुन्हा आहे."

मालकाने त्याच ठिकाणी सगळं कबूल केलं. दोषारोपपत्रात त्याचं नाव वर गेलं. ड्रायव्हरचंही राहिलं, कारण सळई दिसत असताना त्याने गाडी चालवली होती. पण एकट्याच्या गळ्यात पडणारं सगळं ओझं टळलं.

नोकरीत मी मुद्दाम वाईट करणारे थोडे पाहिले आणि "आजच्या दिवस चालेल" म्हणणारे फार. ट्रॉली ओढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मापाची पिन, तिची क्लिप, साखळी, टायरची हवा, मागचे दिवे हे निघण्यापूर्वी स्वतः वाकून बघा. यातलं एक जरी नसेल तर जाऊ नका. गिऱ्हाईक रागावेल, रागावू द्या.

निवृत्त झाल्यावर एका दसऱ्याला शिवडीकडे गेलो होतो, सहज शेडमध्ये डोकावलो. पाटावर नटबोल्टचे पाने, पक्कड, हातोडी. पिन मात्र ट्रॉलीला लावलेली, साखळी अडकवलेली, आणि म्हातारी कंबरेत वाकून तिला तिथेच कुंकू लावत होती.

मला तिने आपट्याचं पान दिलं. आणखी पानं पिशवीत भरलेली दिसली. कुणासाठी, असं विचारलं.

"माटुंग्याला जायचंय," ती म्हणाली. "दर दसऱ्याला त्या कारकूनसाहेबांना सोनं द्यायला जाते. ते काठी टेकत दारापर्यंत येतात. मला मान वर करवत नाही, पण जाते."

मी तिला टॅक्सीपर्यंत सोडलं.